फुगवलेल्या आकाशाला दार

संपादकांचं पत्र आलं: ‘यंदाचा अंक आभासी विश्वावर आहे. तुम्ही आपल्या जिल्ह्यातले त्या विश्वाचे आद्य प्रवासी, तेव्हा लिहाच.’ आद्य प्रवासी वगैरे काही नाही. मी पंखा लावायचो. पंखा लावायचो, पोरांना चपला काढायला सांगायचो आणि अंधारात बसून पस्तीस मिनिटं बडबड करायचो. हल्ली डोळ्यांवर एक खोकं चढवलं की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या काश्मीर हिंडून येतो म्हणे. येऊ दे बापडा. आम्हाला त्यासाठी एक गाडी, एक ड्रायव्हर, पोतंभर कापड आणि विजेची मेहरबानी एवढं सगळं लागायचं, आणि चारही गोष्टी एकाच दिवशी जमून आल्या असं माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा झालं.

धंदा काय होता ते आधी सांगतो. नगरला विज्ञानप्रसार करणारी एक संस्था होती. नव्वदच्या दशकात तिच्याकडे परदेशातून एक फिरतं तारांगण आलं. फिरतं म्हणजे घडी करून पिशवीत घालून नेता येणारं. बाहेरून चंदेरी, आतून पांढरा असा कापडी घुमट. बाजूला मोठा पंखा जोडला की दहा मिनिटांत फुगून दोन पुरुष उंच व्हायचा. त्याला दार नव्हतं. आत जायला कापडाचाच एक लांब, बुटका बोगदा होता आणि त्यातून सगळ्यांनी रांगत जायचं. बोगदा तसा बुटका म्हणूनच आतली हवा बाहेर पळत नसे. पंखा मात्र अखंड चालू हवा. मध्यभागी एक यंत्र, त्यात बारीक दिवा, वर असंख्य भोकं पाडलेलं नळकांडं. दिवा लावला की घुमटभर चांदणं. नळकांडं फिरवलं की रात्र पुढं सरकायची, कलतं केलं की आपण उत्तर ध्रुवावर. दुसरं एक नळकांडं पृथ्वीचं होतं. ते लावलं की चहूबाजूंनी खंड आणि समुद्र, आणि आपण पृथ्वीच्या पोटात बसून बाहेर बघतोय. शेवटी चंद्रावरची जमीन. एका वेळी पंचवीस-तीस पोरं मावायची.

आणि खरं सांगतो, ते सगळं फार खरं वाटायचं. मी आकाश फिरवायला लागलो की पोरं दोन्ही हातांनी जमीन घट्ट धरायची. पारनेरकडचे एक मास्तर तर माझा घोटा धरून बसले आणि दिवा लागल्यावरसुद्धा सोडेनात.

पण त्या पस्तीस मिनिटांसाठी जे सोसावं लागायचं! घुमटाला उंच छप्पर हवं, आणि तेवढ्या उंचीची शाळा जिल्ह्यात कुठं बांधलेली? मग सोसायटीचं गोडाऊन, देवळाचा सभामंडप, नाहीतर मंगल कार्यालय. बाहेर मैदानात लावला तर वारा त्याचा पतंग करायचा. मी पोहोचण्याआधी जागा झाडून ठेवा, असं पत्रात दोनदा लिहायचो. पोहोचल्यावर शेळ्यांच्या लेंड्या मी आणि आमचे ड्रायव्हर बबनराव झाडायचो. बाभळीचा एक काटा राहिला तर कापडाचं काय होईल हे सांगून सांगून माझा घसा बसला. हे सगळं निस्तरून आत जावं, तर तिथं शेंगदाणे खाऊन आलेली सव्वीस पोरं आणि बंद घुमट. विज्ञानासाठी माणसानं काय काय सोसलं याच्या गोष्टी मी पोरांना सांगायचो, त्यात ही कधी सांगितली नाही.

पारनेर तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांनी फळ्यावर सूचना लिहिली, ‘उद्या सकाळी चंद्रावर सहल.’ दुसऱ्या दिवशी पोरं डबे घेऊन आली. कुणी स्वेटर, कुणी मफलर. एक बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, “सायेब, किती वाजता परत येनार? म्हशीला पानी दावायचं काम त्याच्याकडं हाय.” मी म्हटलं, पाऊण तासात परत. “एवढ्यात जाऊन येनार?” असं म्हणून त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच लबाड ठरलो. पोरं चंद्रावरून आली, रांगत बाहेर पडली आणि डबे उघडून बसली. सहल म्हणजे डबा, यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

सुप्याच्या एका कारखान्याचे मॅनेजर सुटाबुटात भेटायला आले. मला वाटलं, कामगारांच्या मुलांसाठी कार्यक्रम मागतायत. तर त्यांना मुलीच्या वाढदिवसाला तो घुमट हॉलमध्ये हवा होता, आत केक ठेवायला.

आणि शेतकऱ्यांची तर वेगळीच मागणी. मी काठीनं दाखवायचो, हे बघा हस्त नक्षत्र. लगेच मागून आवाज, “म्हंजी हत्तीचा पाऊस? औंदा पडंल का?” मघा दाखवल्या की मघांची चौकशी. मी पाऊस सांगत नाही म्हटलं की अर्ध्या लोकांचा रस संपायचा. कर्जतकडचे एक म्हातारबुवा शो संपल्यावर गुडघे झाडत म्हणाले, “लई झ्याक. पन आमच्या खळ्यावरनं ह्याच्याहून जास्त दिसत्यात की. एवढ्यासाठी उन्हाचं आत कशाला कोंडलं?” त्यांच्या खळ्यावरचं आकाश खरंच माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी म्हटलं, बुवा, तुमच्या खळ्यावरून ध्रुव तारा डोक्यावर येतो का? म्हणाले, “न्हाई. पन त्याचं डोक्यावर काय काम?”

असो. ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती साळवेबाईंच्या शाळेची.

कर्जत तालुक्यातलं आडबाजूचं गाव. सातवीपर्यंत शाळा. साळवेबाई सहावी-सातवीला शिकवायच्या. चाळिशीच्या, सडपातळ, आवाज कधी चढायचा नाही, पण एकदा धरलेली गोष्ट सोडायच्या नाहीत. दोन वर्षं त्या संस्थेला पत्रं लिहीत होत्या. पत्रांना उत्तर मिळेना तेव्हा एसटीनं नगरला आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“सर, एप्रिलमध्ये माझी सातवी संपते. हायस्कूल आठ किलोमीटरवर आहे. मुलगे सायकलनं जातील. एकोणीस मुली आहेत, त्यातल्या किती जातील ते मला माहिती आहे. घरी बसण्याआधी त्यांनी एकदा तरी सगळी पृथ्वी बघावी, एवढंच म्हणणं आहे.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी तारांगण दुसऱ्या जिल्ह्यात जाणार आहे, असं तुमच्या शिपायानं सांगितलं.” ते खरं होतं. मार्चअखेरीला घुमट हलणार होता. मी वही उघडली आणि अगदी शेवटचा दिवस त्यांना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घुमट घेऊन जायला माणसं येणार होती. म्हणजे ही शाळा झाली तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही. बाईंना मी हे स्पष्ट सांगितलं. गावात वीज दुपारी दोनला जाते आणि थेट अंधार पडल्यावर येते, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. साडेनऊला सुरू केलं तर दोन तुकड्या आरामात होतील, असा हिशोब करून आम्ही दोघंही खूश झालो. हिशोब कागदावर नेहमीच जमतो.

त्या दिवशी आम्ही साडेआठला पोहोचलो. सोसायटीचं गोडाऊन बाईंनी पोरींकडून आरशासारखं झाडून घेतलं होतं. एक काटा नाही. मला गहिवरून यायचं बाकी राहिलं. नऊ वाजता घुमट उभा. आणि मग मुख्याध्यापक म्हणाले, “जरा थांबा. गोडाऊन आबासाहेबांनी दिलंय. उद्घाटन त्यांच्या हस्ते हाय.”

आबासाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन. साडेनऊची वेळ, आले साडेदहाला. तो तास मी धरलेलाच होता. मग स्वागतगीत, फेटा, शाल, नारळ, प्रास्ताविक. प्रास्ताविकात मुख्याध्यापकांनी आर्यभटापासून सुरुवात केली आणि मी घड्याळाकडं बघणं सोडून दिलं. अकरा वाजता रिबीन कापली. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, “चला आबासाहेब, पहिलं पाऊल आपलं.”

आबासाहेब बोगद्यापाशी आले. वाकून आत बघितलं.

“हितनं?”

“होय साहेब,” मी म्हटलं, “जरा रांगत जावं लागतं.”

परीटघडीचं धोतर, डोक्यावर नुकताच बांधलेला फेटा, पाठीमागं सगळा गाव. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बरोबर तोडगा काढला, “पोरान्ला जाऊ द्या आदी. मी बसतो भाईर.”

झालं, सुटलो, असं मला वाटलं. पण मुख्याध्यापक कसले ऐकतात! “आसं कसं? उद्घाटन तुमच्या हस्ते, अन् तुमीच भाईर?” सरपंच म्हणाले, “आबा भाईर बसनार आसतील तर गावातलं कुनी आत जानार न्हाई.” आबासाहेब आणखी एकदा नको म्हणाले, लोक आणखी दोनदा हो म्हणाले. पाहुण्याला आधी, मग बाकीच्यांना, ही रीत मोडायला कुणीच तयार नाही, आणि पाहुण्याला रांगायला लावायलाही कुणी तयार नाही. शेवटी ‘आधी चहा घेऊ’ असं ठरलं. आपल्याकडं काही ठरेनासं झालं की चहाच ठरतो.

पंख्याची मोटर तापली होती. मी पंखा बंद केला, घुमट खाली बसवला, बबनरावांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. चहा म्हणजे पोहे, शिरा आणि मग चहा. बाई आल्या नाहीत. त्या पोरांना शाळेच्या पटांगणात धरून बसल्या होत्या.

पाऊण तासानं परत आलो तर गोडाऊनमध्ये सगळे हसतमुख. सरपंच पुढं झाले, “सायेब, तुमची अडचन दूर केली.”

घुमट जमिनीवर पसरलेला होता, आणि त्याच्या पोटाला दार पाडलेलं होतं.

थट्टा नाही. चांगलं पाच-साडेपाच फूट उंच, वर कमान, कडेनं लाल गोट, आणि त्यावर लग्नाच्या मांडवातला मखमली पडदा. गावातल्या रघुनाथमामा शिंप्यांनी कात्री चालवली होती. मशीन तिथंच आणून ठेवलेलं. शिलाई इतकी सुबक की नगरच्या दुकानात मिळणार नाही. मामा मानेवरचा घाम पुसत उभे होते, शाबासकीची वाट बघत.

“बबनराव!” मी ओरडलो.

“मला वाटलं तुमीच सांगितलं,” बबनराव म्हणाले. कापड ताणून त्यांनीच धरलं होतं.

मी पंखा लावला. घुमट गुडघ्याइतका उठला. मग नव्या दारातून सगळी हवा भसाभसा बाहेर आली, मखमली पडदा मोठ्या डौलानं फडफडला आणि आकाश परत जमिनीवर पसरलं. असं दोनदा झालं. मग मात्र माझा तोल गेला. काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. फुग्याला दार पाडणारा गाव मी आयुष्यात पाहिला नाही, हे त्यातलं सौम्य वाक्य. आबासाहेब मान खाली घालून ऐकत होते. दाराबद्दल त्यांना काही माहीत नसावं.

रघुनाथमामांनी पडद्यातून आत हात घालून बघितला, बोगदा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलं. “आसं हाय व्हय ते. भोक बुजवाय पायजे मंग.” माझी बोलणी त्यांनी कानाआड केली, मांडी घातली आणि आपल्या हातानं घातलेला लाल गोट उसवायला घेतला. साळवेबाई पोरांना सोडून धावत आल्या. मामांच्या समोर बसून त्यांनी कापडाची दुसरी कड ताणून धरली. मामांनी आधी फाट जुळवून शिवली, मग वरून दुपदरी पट्टी लावली, मग पट्टीवर परत शिलाई. हाताला काम, तोंडानं एकच, “बाई, किती वाजलं?” बाई वेळ सांगायच्या. बारा चाळीस. एक. एक दहा.

एक पंधराला मी पंखा लावला. घुमट उठला, शिवणीपाशी जरा फुसफुसला आणि उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेब केव्हाच निघून गेले होते, आपण असल्यावर घोटाळा होतोय हे त्यांच्या एकट्याच्याच लक्षात आलं होतं.

दोनला वीज जाणार. एक शो पस्तीस मिनिटांचा. पोरं आत घ्यायला पाच, बाहेर काढायला पाच. म्हणजे एकच तुकडी. बाहेर चपला काढून दोन रांगा उभ्या होत्या, एक मुलग्यांची, एक मुलींची. मी बोगद्याचं तोंड वर धरलं आणि दर शाळेत म्हणायचो तसं म्हटलं:

“चला, आधी मुलगे.”

सव्वीस मुलगे धडाधड आत गेले. मी त्यांच्यामागं शिरलो. शिरताना बाईंकडं नजर गेली. त्या काहीतरी बोलायला पुढं आल्या होत्या. मी म्हटलं, “बाई, वेळ नाही,” आणि रांगत आत गेलो.

शो उत्तम झाला. कधी नव्हे तो सुंदर झाला. चिडलेल्या माणसाचा आवाज अंधारात बरा लागत असावा. मुलग्यांनी ध्रुव डोक्यावर बघितला, समुद्र बघितले, चंद्रावर गेले, किंचाळले, जमीन धरून बसले. एक पंचावन्नला दिवा लावला. मुलगे हसत-ढकलत बाहेर पडले. आणि मी दुसऱ्या रांगेला “चला” म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात पंख्याचा आवाज मंदावत मंदावत थांबला. घुमट हळूहळू खाली आला.

एकोणीस मुली बोगद्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी जागा झाडली होती. रांग मोडली नव्हती. सगळ्यात पुढची मुलगी अर्धी वाकलेली होती आणि आता सरळ व्हावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

मी बोलायला सुरुवात केली. माझ्याकडं बोलायला पुष्कळ होतं. आबासाहेबांचा एक तास, आर्यभट, पोहे, शिरा, सरपंच, कात्री, मखमल. “बाई, या लोकांनी...”

“सर, या लोकांचे दोन तास मी धरूनच चालले होते,” बाई म्हणाल्या. “एक तुकडी तरी होईल एवढा वेळ उरेल, असं मी पोरींना सांगितलं होतं.”

मी बोगद्याचं तोंड खाली सोडलं.

“माझे वडील शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसून शिकले. आतलं ऐकून ऐकून अक्षरं गिरवली. आम्ही लहानपणी त्या मास्तरांना शिव्या द्यायचो. वडील म्हणायचे, मास्तर वाईट नव्हता गं, तशी रीतच होती.” त्यांनी मुलींना हातानं खूण केली. “चला, चपला घाला.”

मी संध्याकाळपर्यंत थांबतो म्हटलं. वीज येईल, मग करू. त्या म्हणाल्या, “अंधार पडल्यावर पोरींना कोण पाठवतंय?” तेही खरं होतं. मुलींनी चपला घातल्या आणि त्या ओळीनं गेल्या.

कार्यक्रम झाल्यावर शाळेकडून एक कागद भरून घ्यायचा असे. किती विद्यार्थ्यांनी पाहिलं तो आकडा, सही, शिक्का. बाईंनी लिहिलं, ‘मुलगे सव्वीस.’ खाली जागा नव्हती, तरी बारीक अक्षरात लिहिलं, ‘मुली शून्य.’ सही केली. मुख्याध्यापकांनी न वाचता शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, घुमट घेऊन गेली. शिवण बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, एका शिंप्याचं चांगलं काम आहे, काळजी करू नका. मग तो कागद फायलीत लावायला बसलो, आणि फाईल तशीच मागं मागं चाळत गेलो. कुठं वीज गेलेली, कुठं पाहुणे उशिरा आलेले, कुठं पावसाची सर. अशा प्रत्येक कागदावर शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच ओळ होती, ‘अपरिहार्य कारणाने दुसरी तुकडी राहिली.’ दुसरी तुकडी कोणाची होती, ते मी एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.